पहिल्या पत्त्याचा मान

कॉलेजात नवं नेटवर्क आलं. वृंदा खांबेटेनं सी भाषेत प्रोग्राम लिहून सगळ्या मशीनना, म्हणजे कॉम्प्युटरना, ओळीनं क्रमांकाचे पत्ते वाटले. संचालक रेगे भडकले.

"मला एकविसावा? पहिला पत्ता माझाच हवा!"

"सर, सकाळपासून सांगतेय, पहिला पत्ता खुद्द नेटवर्कचा असतो. तो कुठल्याच मशीनला देता येत नाही."

"मग सगळ्यात शेवटचा द्या. नाहीतर उद्यापासून कामावर येऊ नका!"

मी, वृंदाचा मदतनीस, शेजारीच होतो. मध्ये बोलावं की नाही, हे मला नेहमीप्रमाणे ठरवता येईना.

वृंदानं कपाळाला हात लावला. "घ्या सर. फक्त शेवटच्या पत्त्यावर पाठवलेलं सगळं प्रत्येक मशीनवर पोचतं. ट्रस्टींनी तुम्हाला झापलं, तर तेही शिपायापर्यंत."

रेगे हळूच खाली बसले.

"एकविसावा ठीक आहे, मॅडम."