कासारणीची गोष्ट आणि थांबलेले हात

फार फार मागं, माझ्या पणजीला दात यायचे होते तेव्हा, एका डोंगराच्या पायथ्याला चिंचेच्या झाडांचं एक गाव होतं. माणसं कमी आणि चिंचा जास्त. म्हणून तर तिथली माणसं बोलायला जरा आंबट होती.

उन्हाळा लागला की सगळ्या गावाच्या चिंचा पाराजवळ आणून ढीग घालायचे. मग दुपारची जेवणं उरकली की बाया, बापे, पोरं, सगळी पारावर बसून चिंचा फोडायची. लाकडाच्या ठोकण्यानं ठक करायचं, टरफल काढायचं, चिंचोका बाजूला टाकायचा, पुन्हा ठक.

त्या गावाचा एक रिवाज होता. बाहेरच्या कुणाला तिथं घर बांधून राहायचं असेल, तर त्यानं पारावर उभं राहून आपली गोष्ट सांगायची. ऐकताना फोडणाऱ्यांचे हात थांबले, तर तो गावचा झाला. ठकठक चालूच राहिली, तर त्यानं पुढची वाट धरायची. ढीग असेपर्यंत कितीदाही सांगायची मुभा. ढीग संपला की मुभा संपली.

आता तुम्ही म्हणाल, असला कसला रिवाज? अहो, तोंडानं ‘अरेरे’ कुणीही म्हणतं. शेजारच्या सासूला ताप आला तरी म्हणतं. हातांना तेवढं नाटक जमत नाही.

तर त्या गावात एक कासारीण आली. डोक्यावर बांगड्यांची टोपली, पायाला भेगा. वाटेवर राहून राहून कंटाळलेली.

ती कारभाऱ्याला म्हणाली, “मला इथं दार पाहिजे. आतनं कडी लावता येईल असं.”

कारभारी म्हणाला, “रिवाज ठाऊक आहे ना, बाई?”

“ठाऊक आहे. हात थांबवल्याशिवाय मी हलत नाही.”

पण खरं सांगू का? तिला आपली गोष्ट फार साधी वाटत होती. तिचं गाव ना जळलं होतं, ना लुटलं गेलं होतं. विहीर आटली आणि माणसं निघून गेली, एवढंच. यात काय सांगायचं?

गावाबाहेरच्या देवळात गोष्टी सांगत हिंडणारा एक भाट उतरला होता. त्याला तिनं त्याच्या बायकोसाठी हिरव्या बांगड्या दिल्या आणि त्याच्याकडून वाघाची गोष्ट घेतली. दुपारी पारावर उभी राहिली आणि झाली सुरू. वाघ आला, वाघानं डरकाळी फोडली, आपण कोयता घेऊन वाघाच्या अंगावर गेलो. डरकाळीसुद्धा स्वतःच फोडून दाखवली.

ठक. ठक. ठक.

पुढच्या रांगेत धुरपदाक्का बसायची. गावातली सगळ्यात म्हातारी. तिचा हात नवऱ्याशी भांडतानाही कधी थांबला नव्हता, असं गाव म्हणायचं. ती मान वर न करताच म्हणाली, “वाघ बरा होता गं. पण तू कुठं होतीस त्यात?”

“मीच की! कोयता घेऊन!”

“कोयता कुठल्या हातात होता?”

कासारणीनं आधी उजवा हात वर केला, मग डावा. सगळा पार खिदळला. टरफलं उडाली, पण ठकठक काही थांबली नाही.

कासारीण हिरमुसली, पण गेली नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा उभी. आता तिनं ठरवलं, आपलंच सांगायचं, पण सगळं दुःख एकदम ओतायचं. विहीर आटली, शेळी मेली, नवरा काम शोधायला गेला तो परागंदा झाला, दिरानं भांडी नेली, पायात काटा मोडला. प्रत्येक वाक्याला हुंदका. पदर पिळून पाणी निघेल इतकी रडली.

ठकठक उलट वाढली. माणसांना कसनुसं झालं की ती कामात डोकं घालतात, तसं.

धुरपदाक्कानं तिच्या हातावर गुळाचा खडा ठेवला. “घे, घसा बसला असेल. आणि बाई, थोडं रडू आमच्याकडं पण ठेव की. सगळं तूच रडलीस, तर आम्ही इथं करायचं काय?”

ढीग रोज खाली येत होता. कासारीण सकाळी बांगड्या विकायची, दुपारी पारावर ऐकत बसायची. कुणी टरफल सांडलं की उचलायची. गोष्ट मात्र सापडत नव्हती. शेवटी एका दुपारी ढीग टोपलीभर उरला.

कारभारी हळूच म्हणाला, “बाई, बोचकं बांधून ठेवा.”

तेवढ्यात भाट धावत आला. कानाशी लागून म्हणाला, “एक जबरी गोष्ट देतो. सगळी लेकरं गमावलेल्या आईची. ही ऐकून दगडसुद्धा रडतात. ही सांग, घर तुझं.”

घर! कासारणीनं पाराकडं पाहिलं, उरलेल्या चिंचांकडं पाहिलं. मग ती म्हणाली, “मला लेकरूच झालं नाही, भाऊ. जी नाहीत ती मारू कशाला? नाही मिळालं घर, तर नाही मिळालं.”

आणि ती पारावर चढली. आज ना आवाज चढवला, ना पदर डोळ्याला लावला.

“माझं गाव एका दिवसात गेलं नाही,” ती म्हणाली. “विहीर आटली, मग एकेक घर निघालं. निघायच्या आधी बाया माझ्याकडं यायच्या. म्हणायच्या, परक्या गावात जायचं, हात भरून दे. मी भरून द्यायचे. कुणाचा हात घट्ट असला की मी तिला बोलण्यात गुंतवते. सासूचं विचारते, भाजीचं विचारते. ती बोलत असते आणि बांगडी हातात जाते. तिला कळतही नाही.”

ठक. ठक.

“सगळी गेली. शेवटी मी निघाले. म्हटलं, आपणही हात भरून निघू. डावा भरला. उजव्यात एक घातली, फुटली. दुसरी घातली, फुटली. माझाच हात मला घट्ट लागला. मी कासारीण, आणि मला बांगडी जाईना! मग मोठ्यानं स्वतःलाच विचारलं, काय गं, आज भाजी काय केलीस?”

ती थोडं हसली.

“उत्तर द्यायला कुणी नव्हतं. विहीर आटली तेव्हा मी रडले नव्हते. नवरा आला नाही तेव्हाही नाही. त्या फुटक्या बांगडीपाशी बसून रडले. लाज वाटते सांगायला. तशीच निघाले.”

तिनं उजवा हात पुढं केला. मनगट मोकळं होतं.

पारावर कावळ्याचा आवाज ऐकू आला. चिंच फुटत नव्हती. कुणी आपल्याच मनगटाकडं बघत होतं, कुणी शेजारणीच्या. धुरपदाक्काचं ठोकणं मांडीवर आडवं पडलं होतं.

म्हातारी उठली, बांगड्यांच्या टोपलीतली एक बांगडी घेतली आणि कासारणीचा हात आपल्या चिंचाळ हातात धरला. “ये इकडं. काय गं, आज भाजी काय केलीस?”

“आक्का, चूलच कुठं आहे मला?”

“मग उद्या काय करणार आहेस?”

“वांगं,” कासारीण म्हणाली, आणि कट्कन बांगडी फुटली.

“अगं बाई!” धुरपदाक्का ओरडली. “सगळ्या गावाचे हात थांबवलेस, आणि माल असला कच्चा?”

“आक्का, आधी अंगठा आत दाबायचा असतो.”

“मग सांगायचं नाही का? एवढ्या गोष्टी सांगितल्यास, तेवढं सोडून!”

आता मात्र सगळा पार हसलाही आणि नाकही ओढू लागला. दुसरी बांगडी नीट गेली. कारभारी घसा साफ करून म्हणाला, “बाई, पाराच्या मागची जागा चालेल का?”

उरलेली टोपलीभर चिंच त्या दिवशी कुणी फोडलीच नाही.

तात्पर्य: पोरांनो आणि पोरांच्या आईबापांनो, गोष्ट सांगायची असली की उसना वाघ आणू नका. जे सांगायला लाज वाटते तेवढं सरळ सांगा, आणि ऐकणाऱ्याच्या वाट्याचं रडू त्याचं त्याला राहू द्या.