पायाळू मुलीची हाजरात

“मग दिसतं की नाही, तेवढंच सांगा.”

“काय दिसतं?”

“पुढचं. माझं पुढचं.”

टेकडीवरच्या तकियात, आपल्या मठीपुढच्या कडुलिंबाखाली बसलेल्या नूरबाबा फकिरांनी मान वर केली. समोर सोळा वर्षांची पोर कमरेवर हात ठेवून उभी होती. अंगात शाळेच्या संघाची निळी जर्सी, गुडघ्यांवर कालची माती. आणि नाक असं, की माशीनंसुद्धा बसायच्या आधी विचारून घ्यावं.

“नाव?”

“ओवी जाधवर. खो-खोची कॅप्टन...” ती अडखळली. “खो-खो खेळते.”

“कॅप्टन की नुसतीच खो-खो?”

उत्तर दिलं ते तिच्या मागोमाग टेकडी चढून, धापा टाकत आलेल्या तनुजानं.

“कालपर्यंत होती, बाबा. सेमीफायनलला खो मिळायच्या आधीच उठली. फाऊल! हातचा सामना जाता जाता राहिला. म्हणून सरांनी आज मला कॅप्टन केलं. तर ही म्हणते, मी खेळतच नाही.”

“तू गप गं.”

“का गप? खाली मैदानावर फायनल आहे, सर हजेरी घ्यायला लागलेत, आणि ही बया इथं अंगठा काळा करायला आलीय!”

नूरबाबा हाजरात लावतात, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. अंगठ्याच्या नखावर तेलात कालवलेलं काजळ चोपडायचं आणि त्यात टक लावून बघायचं. हरवलेलं दिसतं, लपवलेलं दिसतं, कुणाकुणाला उद्याचंही दिसतं, असं लोक म्हणत. आणि जो जन्मताना डोक्याऐवजी पायांकडून बाहेर आला, त्या पायाळू माणसाला तर हमखास.

“मी पायाळू आहे,” ओवी म्हणाली. “आईच्या पोटातून येतानाच पाय पुढे टाकत आले. मला दिसणारच.”

“पाय आले,” बाबा म्हणाले. “डोकं अजून वाटेत आहे?”

तनुजा फिसकन हसली. ओवीचे कान लाल झाले.

“करा थट्टा. पण मला राज्याच्या संघात जायचंय. देशाच्या जायचंय. ते होणारच असेल, तर असल्या धुळीतल्या सामन्यात हिच्या हाताखाली कशाला खेळू? आणि होणारच नसेल, तर मुळात खेळूच कशाला?”

“म्हणजे काही झालं तरी बाद कोण? आजचा दिवस.”

ओवीला हे काही पटलं नाही.

“काल का उठलीस?” बाबांनी विचारलं.

“मला आधीच कळलं होतं, खो मलाच मिळणार.”

“मिळाला?”

“मिळणारच होता.”

“म्हणजे नाही मिळाला.”

...

बाबांनी पणतीवर धरलेलं काजळ तेलात कालवून ओवीच्या अंगठ्याच्या नखावर चोपडलं. तनुजाला हातानंच ‘जा’ म्हणून खुणावलं. ती निघाली. चार पावलांवर जाऊन वळली.

“ओवे, तुझी जागा मोकळी ठेवतेय. दुसरीला बसवणार नाही. हरलो तरी चालेल.”

ओवीनं तिकडे पाहिलंसुद्धा नाही.

“बस,” बाबा म्हणाले. “माझ्याकडे पाठ करून. मी सांगेन तोवर उठायचं नाही.”

ती बसली. मैदानावर बसते तशीच, एक पाय पुढे, टाच उचललेली. अंगठा तेवढा डोळ्यांपुढे.

“काय दिसतं?”

“काही नाही. कडुलिंब.”

“बघ.”

“माझंच तोंड.”

“बघ.”

...

“एक बाई आहे,” ओवी हळूच म्हणाली. मग एकदम ओरडली, “मीच आहे! केस पिकलेत, पण मीच! भिंतभर पदकं आहेत, बाबा! देशाची जर्सी चौकटीत लावलीय. बघा, मी म्हटलं नव्हतं?”

“मान कशी आहे बाईची?”

“ताठ!” म्हणताना ओवीचीही मान ताठ झाली.

“करतेय काय?”

“ती... पदकांकडे बघतच नाहीये. कोपऱ्यात एक लहानसा फोटो आहे. त्याच्याकडे चाललीय.”

“कसला फोटो?”

“पोरींचा. निळ्या जर्सीतल्या. मातीनं नुसत्या माखलेल्या. मध्ये तनी आहे, दात काढून हसतेय. मागे ही टेकडी दिसते.”

“आणि बाई?”

“वाकलीय.” ओवीचा आवाज उतरला. “एवढी मोठी बाई, बाबा... फोटोपुढे वाकलीय. एकेकीच्या तोंडावरून बोट फिरवतेय. कुणाला तरी शोधतेय.”

“सापडलं?”

...

“बाबा, पुसा हे.”

“सापडलं का?”

“नाही.”

कडुलिंबाची पिवळी पानं तिच्या पाठीवर पडली. तिनं झटकली नाहीत.

“ही हाजरात खोटी असते ना, बाबा? सगळे म्हणतात.”

“हाजरात म्हणजे हजेरी, बेटी. जो हजर, तोच दिसतो.”

तेवढ्यात खालून शिट्टी आली. लांब, कर्कश. मग पोरींचा गलका, आणि त्यात तनुजाचा फाटका आवाज. कुणाचं तरी नाव ती पुन्हा पुन्हा घेत होती.

ओवीचं सगळं अंग सुटायला निघालं. पोटऱ्या तटतटल्या. बोटं मातीत रुतली. काल मैदानावर ती अगदी अशाच क्षणी उठली होती.

“बाबा, मी जाऊ?”

बाबा बोलले नाहीत.

आयुष्यात पहिल्यांदा तिनं उठायच्या आधी कुणाला तरी विचारलं होतं, आणि उत्तर मिळत नव्हतं. मागे वळून बघावंसं वाटलं. बघितलं नाही. खो देणाऱ्याकडे वळून बघायचं नसतं. त्याची पावलं पाठीनं ऐकायची असतात.

ती बसून राहिली. नख पुसलं गेलं होतं, काजळ मातीत मिसळलं होतं. तिला आता बाई दिसत नव्हती, पदकं दिसत नव्हती. टेकडीची उतरण दिसत होती, तिच्यावरचा एकेक खडा दिसत होता, आणि खाली मैदानात निळ्या रांगेत एक मोकळी जागा. तिची मान पुन्हा ताठ झाली. वाट बघत बसण्यातही एक ऐट असते, ही ऐट तिला नवी होती.

...

मागे काठी वाजली. पावलं जवळ आली.

पाठीवर सण्णकन थाप पडली.

“खो!”