कुंडीत उतरलेला डावा हात

माणसाचे दोन हात एकमेकांशी भांडत, त्या काळची ही गोष्ट. सगुणा कुंभारणीनं माळावरची ठिपक्याठिपक्यांची पाल पाळायला आणली आणि वाळू भरलेल्या खोल कुंडीत ठेवली. पालीनं कात टाकली, पण ती पायाच्या बोटांना चिकटून राहिली. सोडवली नाही, तर बोटं झडणार होती.

"एका झटक्यात धरतो," म्हणत सगुणाचा उजवा हात वरून घारीसारखा झेपावला. पाल निसटली. त्याच्या मुठीत नुसती वळवळणारी शेपटी उरली.

"दादा, मी बघू का?" डाव्यानं विचारलं.

"तू? तुला धड चाक फिरवता येत नाही!"

डावा कुंडीच्या कडेनं हळूच आत उतरला आणि तळवा वर करून वाळूत पडून राहिला. पाल लपली. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा गेला, मग रोजच जाऊ लागला. मुंगी डसली तरी त्यानं बोट हलवलं नाही.

"झोपायला जातोस होय रे?" उजवा खिदळायचा.

एके सकाळी पालीनं डाव्याचा अंगठा चाटला. मग एक पाय ठेवला, मग दुसरा, आणि तळव्याच्या उबेत पोट टेकून डोळे मिटले. डाव्याला नाचावंसं वाटलं. पण तो हलला नाही.

"दादा," तो कुजबुजला, "ओला कापूस घे. खालून ये. सावकाश."

जन्मात पहिल्यांदाच उजवा सावकाश आला. पालीचं एकेक बोट कातीतून मोकळं झालं.

दुसऱ्या दिवशी डावा कुंडीपाशी गेला, तर उजवा आधीच तळवा वर करून वाळूत पडलेला.

"हलू नकोस," उजवा म्हणाला, "ती येतेय."