एका दिवसाचा गेरू

फार फार वर्षांपूर्वीची गोष्ट. तेव्हा कुत्री बोलत असत आणि माणसं त्यांचं ऐकूनही घेत असत. पुढे माणसांनी ऐकणं सोडलं, म्हणून कुत्र्यांनी बोलणं सोडलं म्हणतात.

एका राज्याच्या सीमेवर, रानाच्या कडेला, धनगरांचा तळ होता. त्यात धुळा आणि त्याची बायको ठकू राहत. ठकू म्हणजे कामाला वाघ. दिवसभर मेंढरांमागे चालायची आणि चालता चालता चातीवर लोकर कातायची. एकदा गवतातून येताना तिच्या मांडीला तिळाएवढी गोचीड चिकटली. तिने ती उपटून फेकली आणि विसरून गेली. पुढे तिथे तांबडं कडं उठलं, ताप आला, सांधे धरले, आणि ठकूचं अंग तिच्या ताब्यात राहीना.

वैद्यबुवा म्हणाले, "गुण येईल, पण वेळ लागेल. मधे चांगले दिवस येतील, पुन्हा वाईट येतील. धीर सोडू नका."

धुळाने ते फारच मनावर घेतलं. मेंढरं तोच, पाणी तोच, भाकरी तोच. त्याच्या भाकरीला कसला आकार म्हणून नसायचा, पण ठकू बिचारी मुकाट खायची. शेजारची आयजाबाई पाणी आणून द्यायला म्हणून घागर न्यायला आली, की हा म्हणे, "मी हाय की." तळावरच्या काहींच्या जिभेला हाड नव्हतं. "तोंडावर तर तेज हाय, हिला काय धाड भरलीय?" असं ते कुजबुजायचे. धुळा त्यांच्याशी भांडायचा, आणि मग हळूच त्याच्याही मनात तेच यायचं. त्याची त्यालाच लाज वाटायची.

त्या धनगरांची एक रीत होती. आजारी मेंढी कळपातून बाजूला बांधत. ती दोन दिवस नीट चालली, की तिच्या पाठीवर गेरूचा पट्टा ओढत. पट्टा ओढला की मेंढी बरी. मग तिच्याकडे कुणी वळून बघत नसे.

गवत संपत आलं. तळ हलवायचा होता, आणि सगळे ठकूसाठी खोळंबले होते. अशात ठकू लागोपाठ दोन दिवस हिंडली-फिरली, हसलीसुद्धा. धुळाला आभाळ ठेंगणं झालं. त्याने सगळ्यांना सांगून टाकलं, "ठकू बरी झाली. उद्या निघू." बायकोला मेंढीचा नियम लावला पठ्ठ्याने, दुसरं काय!

सकाळी घोड्यावर सामान चढलं, आणि ठकूला उठताच येईना. साऱ्या तळासमोर धुळाचा तोल गेला. "काल तर चालत व्हतीस. मग आज काय झालं?"

ठकू म्हणाली, "मलाबी कालचीच ठकू हवीय, धनी. ती मला तरी कुटं घावतीया?"

धुळा तडक ओढ्यावर गेला. हिला माहेरी पोचवावं, मेंढरं घेऊन निघून जावं, परत येऊच नये, असं त्याच्या मनात आलं. असा विचार आपल्याला शिवलाच कसा, म्हणून तो ढसाढसा रडला.

मागोमाग खंड्या आला. हा त्याचा म्हातारा कुत्रा. शेजारी बसून त्याने विचारलं, "मालक, वाटंत कोकरू दमलं की तुमी खांद्यावर घेता. किती येळ?"

"चढ येईस्तोवर. मग दुसरा कुनी घेतो."

"का बरं? कोकरू नकोसं होतं?"

"छे. खांदा भरून येतो."

"मग आज तुमचा खांदाच भरून आलाय. तुमी वाईट न्हाई. पन खांदा बदलायला कुनाला हाक मारली का?"

धुळाने तोंड धुतलं आणि तळावर येऊन सगळ्यांना म्हणाला, "मला एकट्याला झेपत न्हाई."

"एवढं बोलायला एवढे दिस लागले व्हय रं?" आयजाबाई म्हणाली. "आमाला वाटलं, तुला आमी नकोच."

मग ठरलं. मेंढरं पुढे जातील, आलटूनपालटून चौघंजण मागे राहतील आणि ठकूला सोसेल तसं घोड्यावरून आणतील. पाण्याच्या पाळ्या लागल्या. कुजबुजणारेही ठकूपाशी पाळीने बसू लागले, आणि तिचं दुखणं जवळून पाहून गप्प झाले.

धुळा ठकूला म्हणाला, "चुकलो मी." ठकूने गेरूची वाटी मागून घेतली. "मला पट्टा नको. ज्या सकाळी बरं वाटंल, त्या सकाळी मनगटावर रेघ ओढीन. सांजंला धुवून टाकीन. कालच्या रेघेचं नाव कुनी काढायचं न्हाई."

त्यानंतर कधी रेघ असे, कधी नसे. नसली की धुळा काही न विचारता भाकऱ्या थापायला बसे. महिने गेले, आणि रेघेचे दिवस हळूहळू वाढले.

एका सकाळी धुळाचंच अंग मोडून आलं होतं. तरी तो सवयीने घागर उचलायला गेला. ठकूने आपल्या मनगटावर रेघ ओढली, मग त्याचा हात धरून पाहिला.

"धनी, आज तुमचं मनगट कोरं हाय. बसा खाली. पानी मी आनते."

तिने आणलेली घागर अर्धीच होती. त्या दिवशी दोघांना तेवढं पाणी पुरलं.

तात्पर्य: आजाऱ्याचा आजचा दिवस कालच्या मापाने मोजू नये, आणि त्याला सांभाळणाऱ्याने आपला थकवा लपवू नये.