शाळेच्या छतावरची माती

एका गावात एक गवंडी होता, आणि त्याच्या कानात एक जुना आवाज होता. गवंड्याचे नाव इराप्पा. तरुणपणी तो शाळेची भिंत रचत असताना भुईच्या पोटातून घरघर ऐकू आली होती. जणू खाली कुणी रिकामे जाते ओढत होते. घमेल्यातले पाणी थरथरले आणि शांत झाले.

"ऐकत काय बसलास? पावसाआधी छत घालायचंय!" मुकादम ओरडला.

इराप्पा कामाला लागला. पण घाईत भिंतीच्या दोन्ही बाजू जखडून धरणारे, आरपार जाणारे लांब दगड घालायचे राहिले. बाहेर एक रांग, आत एक रांग, मधे चिखल. वरून गिलावा झाला. कुणाला काही दिसले नाही.

छत मातीचे होते. उन्हाळ्यात वर्ग गार राही. गावाची रीत अशी, की मिरगाआधी दर घराने एक पाटी पांढरी माती शाळेवर टाकायची, म्हणजे छत गळत नाही. जुनी माती कुणी काढत नसे. पहिली पाटी नेहमी नागम्माची, कारण शाळेची जागा तिच्या नवऱ्याने दिली होती. तिची नात आता तिथेच शिकत होती. इराप्पा वर चढून माती चोपून बसवी. अशी चाळीस वर्षे गेली.

एकदा तालुक्याहून इंजिनीअर बाई आल्या. त्यांनी छतात पहार खुपसली. ती दीड हात आत गेली.

"ही माती उतरवा," त्या म्हणाल्या. "भूकंप झाला तर सगळी मुलांवर येईल. हलकं, पत्र्याचं छत घाला."

नागम्मा हसली. "पत्र्याखाली लेकरं भाकरीसारखी भाजतील, बाई. आणि भिंत आमच्या इराप्पाची आहे. हत्ती धडकला तरी हलायची नाही. काय रे?"

सगळे इराप्पाकडे पाहू लागले. माती गारवा देते, हे खरे. माती जड आहे, हेही खरे. मग इतकी वर्षे आपण पोरांना सावली दिली की त्यांच्यावर ओझे चढवले? खरे बोलावे तर गावातले नाव जाईल. न बोलावे तर...

वर्गातून पाढे ऐकू येत होते. त्या पाढ्यांखाली त्याला जात्याची घरघर ऐकू आली. ती खरीच होती की आपले कान म्हातारे झाले, हे त्याला कळेना.

"बाई," तो हळू म्हणाला, "छताचं मला उमगत नाही. पण भिंत माझी आहे. तिच्यात आरपार दगड नाहीत. मीच घातले नाहीत."

नागम्माचा चेहरा उतरला. "माझी नात आत बसते रे! इतकी वर्षं मूग गिळून बसलास?"

"भ्यालो, आक्का."

बाई रागावल्या नाहीत. त्यांनी विचारले, "दुरुस्तीला हात लावाल?"

काम होईपर्यंत शाळा देवळाच्या मंडपात भरू लागली. माती उतरली, तेव्हा शाळेमागे टेकाड झाले. इराप्पाने जागोजागी भिंतीला आरपार भोके पाडली, त्यांत लोखंडी गज घालून सिमेंट भरले. भिंतींना चारही बाजूंनी गजांचा पट्टा बांधला. वर पत्रा आला. पत्र्याला वरून चुना लावला आणि खाली हवेला वाट ठेवून बांबूच्या चटया ताणल्या. समोरासमोर खिडक्या झाल्या. पश्चिमेच्या उन्हाकडे एक कडुनिंब लावला.

भर दुपारी इराप्पाने बाकावर चढून चटईला हात लावला. ती तापली नव्हती. त्याला बरे वाटले. तरी इतक्या पाट्या गावाने मायेनेच वाहिल्या होत्या, त्या चुकीच्या होत्या असे म्हणायला त्याची जीभ वळेना.

पुढच्या मिरगाआधी नागम्मा सवयीने डोक्यावर पाटी घेऊन आली. भिंतीचं कळल्या दिवसापासून ती इराप्पाशी बोलली नव्हती. तिने छताकडे पाहिले. शिडी लावलेली नव्हती. दाराशी उभा असलेला इराप्पा बाजूला झाला.

ती पाटी घेऊनच वर्गात गेली. नातीच्या बाकाजवळ घटकाभर उभी राहिली. एका खिडकीतून आलेला वारा तिच्या पदराला हलवून दुसऱ्या खिडकीतून गेला.

मग ती बाहेर आली, कडुनिंबाच्या रोपाच्या बुडाशी पाटी रिकामी केली, माती पायाने दाबली, आणि पाटी काखेत मारून घरी गेली.

तात्पर्य: गिलाव्याने चूक झाकली जाते, मिटत नाही. ती वेळेवर सांगावी, म्हणजे लेकरांच्या डोक्यावर येत नाही.