बेडकुळी आणि गुडगुडणारा बंब

जुनं कौलारू घर. घरात न्हाणीघर. न्हाणीघरात तांब्याचा बंब. बंबामागे एवढीशी बेडकुळी.

रोज शरूकाकूच्या हातून बाळाची आंघोळ. बेडकुळी म्हणायची, "डराँव!" बाळ हसायचं, खुदुखुदु.

एके दिवशी काय झालं? बंब तापला आणि ओरडला, "गुडगुड धाड! गुडगुड धाड!" बाळ बंबाकडे बघून हसलं. बेडकुळीचं "डराँव" कुणाला ऐकूच गेलं नाही.

बेडकुळी जळफळली. "माझं हसू बंबाने पळवलं! बंबा, बंबा, गप्प बस."

बंब म्हणाला, "कसा बसू? पोटात पांढऱ्या खपल्या! शरूकाकू चिंचेने घासते, पण बाहेरूनच. बाहेर लख्ख, आत खडखड! चिंच पोट घासेल, तर गप्प बसेन."

टुणुक टुणुक, टुणुक टुणुक. बेडकुळी गेली चिंचेकडे.

"बंब गप्प बसेना. चिंचबाई, चिंचबाई, बंब घास."

चिंच फुरंगटली. "आमसूल रोज आमटीत डुंबतं. मी आपली बरणीत! पळी मला उचलेल, तर घासेन."

टुणुक टुणुक, टुणुक टुणुक. बेडकुळी गेली पळीकडे.

"चिंच बंब घासेना, बंब गप्प बसेना. पळीबाई, पळीबाई, चिंच उचल."

पळी फणकारली. "लाटणं सारखं काकूच्या हातात. मी आपली खुंटीवर! काकू मला धरेल, तर उचलेन."

टुणुक टुणुक, टुणुक टुणुक. बेडकुळी गेली शरूकाकूकडे.

"पळी चिंच उचलेना, चिंच बंब घासेना, बंब गप्प बसेना. काकू, काकू, पळी धर."

काकूने नाक मुरडलं. "बाळ तुझ्याकडे बघून हसतं. बंबाकडे बघून हसतं. मी आपली नुसती न्हाऊ घालणारी! बाळ माझ्याकडे बघून हसेल, तर धरेन."

टुणुक टुणुक, टुणुक टुणुक. बेडकुळी गेली बाळाकडे.

"काकू पळी धरेना, पळी चिंच उचलेना, चिंच बंब घासेना, बंब गप्प बसेना. बाळा, बाळा, काकूकडे बघून हस."

बाळ हसेना. अंगठा चोखत बसलं.

आता काय करायचं? हसू हवं होतं बेडकुळीला. द्यायचं होतं काकूला! बेडकुळीला फार वाईट वाटलं. मग तिने डोळे मिटले आणि मारली उडी.

टुण्णुक! थेट काकूच्या अंबाड्यावर!

"अगो बाई!" काकू थयथय नाचली.

बाळ काकूकडे बघून हसलं, खुदुखुदु खुदुखुदु!

काकू खूश. काकूने पळी धरली. पळीने चिंच उचलली. चिंचेने बंबाचं पोट घासलं, खरखर खरखर. पांढऱ्या खपल्या पडल्या, खळ्ळकन!

पाणी तापलं. वाफ आली. बंब गप्प.

"डराँव!"

बाळाने मान वळवली. बाळ हसलं. आणि बाळ म्हणालं, "दलाँव!"

"अगो बाई! बाळ बोललं! पहिला शब्द! आणि तो 'काकू' नाही?"

काकूचे गाल रागाने फुगले, टम्म.

बेडकुळीचा गळा आनंदाने फुगला, टम्म टम्म टम्म!