सुईचं कार्ड

“…सुई पळाली म्हणे, आणि जाताना घरातल्या सगळ्यांची नावं—”

एवढं ऐकू आलं आणि बटणांच्या डब्याचं झाकण बंद झालं. पुढचं कुणालाच धड कळलं नाही.

त्या राज्यात प्रजा कापडाची होती, आणि प्रत्येक जण कुठे ना कुठे उसवलेला होता. कुणी बगलेत, कुणी काठाला. उसवलेलं झाकून हिंडायचं, हीच तिथली सभ्यता. त्यामुळे शिवणटिपण करणाऱ्यांनी रस्त्यात ओरडून चालत नसे. वर्षाच्या जत्रेत ते आपापली कार्डं वाटत. कार्ड म्हणजे तळहाताएवढा कापडाचा तुकडा, त्यावर धाग्याने काढलेली अक्षरं. घेणारा ते गुपचूप दुमडीत ठेवी आणि टाका तुटला की दार शोधत येई.

सुई घरबसल्या रफू करत असे. रफू केलेली जागा दाखव म्हटलं तर खुद्द कापडाला सापडत नसे, असं तिचं काम. पण ते ठाऊक होतं शेजारपाजारच्या चौघांना. काम तुटक यायचं, आणि सुईला बसून राहणं सोसत नाही. नेढ्याजवळ एक तांबूस ठिपका दिसू लागला होता. येणारा दमट हंगाम असाच रिकामा गेला असता तर गंज आत उतरला असता, आणि गंजलेल्या सुईला त्या राज्यात कुणी अंगाजवळ येऊ देत नसे.

म्हणून तिने जत्रेसाठी कार्ड करायला घेतलं. पांढरा तुकडा मधोमध फाडला, रफू केला आणि खाली लिहिलं : रफू. सुई. चिंचेसमोरचं दार. मग तो शेजारच्या बटणकाकूंना दाखवला. काकूंनी तो उलटासुलटा करून पाहिला.

“फाटलं कुठं होतं गं?”

“तेच तर कार्ड आहे, काकू.”

“अगंबाई! मग आता यात टाकाभरसुद्धा काही घालू नकोस हं. लोक जत्रेत भजी खात उभे असतात. त्यांना का पोथी वाचायचीय?”

पण घरच्यांनी ते पाहिलं.

सासू होती कात्री. तिने दोन्ही पाती उघडली. “फाटका तुकडा वाटणार? लोक म्हणतील, घरात धड कापड नाही. आणि घराण्याचं नाव कुठंय?”

सासरे म्हणजे लोखंडी गज. त्यांनी मोजमाप सोडून कैक वर्षं झाली होती, भिंतीला टेकून असत. “वडीलधाऱ्यांचा आशीर्वाद सगळ्यात वर येतो, सूनबाई. पूर्ण ओळ सोड. मी लांब आहे.”

नवरा अंगुस्ताना. बोटात घालून सुईला मागून रेटायचं ते पितळी टोपडं. तो आतून पोकळ, पण अंगावर खड्डे खूप. ते कष्टाचे आहेत असं तो सांगत असे. “अगं, मागून रेटतो कोण? माझ्याशिवाय तुझा एक टाका तरी आत गेलाय का? ‘संचालक’ घाल. जरा ठसठशीत.”

कात्रीचा भाऊ चुंबक. त्याला कुणी बोलावलं नव्हतं. तोही येऊन चिकटला. त्याला ‘प्रेरणास्थान’ हवं होतं.

“आणि माझं नाव?” सुईने विचारलं.

“घाल की खाली, जागा उरली तर,” अंगुस्ताना म्हणाला. “नाहीतरी घरचंच काम आहे ते.”

“दार तरी?”

गज हसले. “आपलं घर कुणाला माहीत नाही?”

मग जे सुरू झालं ते शेजाऱ्यांना बघवेना. प्रत्येक नावाला नवा धागा, आणि धागा ओवायचा तर टोकाला थुंकी लावून पीळ द्यायचा. आपल्या नावाच्या धाग्याला थुंकी आपलीच हवी, असा प्रत्येकाचा हट्ट. शकुन असतो म्हणे! कात्रीच्या खिळ्यातलं जुनं काळं तेलही त्यात ओघळलं. आशीर्वाद, मार्गदर्शन, प्रेरणा, कृपा, आणि रफूच्या जागेवर बरोब्बर ‘संचालक’. गठ्ठ्याला शिळ्या तोंडासारखा वास यायला लागला. नाक मुरडलं ते एकट्या काकूंनी. घरचे कार्डं उजेडात धरून आपापलं नाव वाचत होते.

शेवटच्या कार्डाच्या कोपऱ्यात सुई निदान दाराचा पत्ता काढायला गेली तर धागा संपला. ती थकून तिथेच रुतून राहिली.

“झालं ना? जत्रा उठेल!” म्हणत अंगुस्तान्याने गठ्ठा उचलला.

जत्रेत त्याने खूप वाटलं, वाकून वाकून वाटलं. एका उपरण्याने कार्डाने भज्यांचं तेल पुसलं. एका परकराने लेकीचं नाक पुसून ते खाली टाकलं. पायदळी जाऊन कार्डं चिखलात चिकटली, आणि त्यांच्यावरची नावं मात्र ठसठशीत दिसत राहिली. वाचलं जवळजवळ कुणीच नाही. ज्या एकदोघांनी वाचलं त्यांना कळलं नाही की इथे मिळतं काय.

संध्याकाळी घरात हाक गेली, “सूनबाई!” उत्तर आलं नाही. कात्रीने दारोदार जाऊन सांगितलं की ती पळाली. मग कुणीतरी कुठेतरी काहीतरी पाहिलं, आणि ‘सुई पळाली’ला ‘सगळ्यांची नावं—’ हे शेपूट जोडलं गेलं.

बटणकाकूंना राहवेना. विचारत विचारत त्या ओढ्याकाठी पोचल्या. तिथे दगडावर एक म्हातारी गोधडी पडली होती. तिचं पोट फाटून आतल्या चिंध्या बाहेर आल्या होत्या.

“सुई पळून तुमच्याकडे आली का हो?”

“पळून?” गोधडी खेकसली. “तुमच्या त्या संचालकानेच कार्डासकट माझ्या हातात कोंबली. ‘ठेवा आजी, उपयोगी पडेल,’ म्हणाला. बघितलं तरी का मेल्यानं, काय देतोय ते!”

सुई तिच्या पोटावर कामाला लागली होती. मागून रेटायला कुणी नव्हतं. ये-जा करून नेढ्याजवळचा ठिपका पुसट झाला होता. धागा नव्हता, म्हणून ती कार्डावरची नावं उसवून घेत होती. प्रेरणास्थान आधीच लागून गेलं होतं. आशीर्वादाची ओळ लांबलचक, तिच्यात निम्मं पोट शिवून झालं. सासूबाईंचं नाव तेवढं निघेना. तेल वाळून ते कापडात मुरलं होतं. ते तिने तसंच सोडलं.

आता संचालक निघाला. सुईने स्वतः कोरड्या दगडावर राहून तो धागा ओढ्यात बुडवला. पाणी पिवळट झालं. तिने धागा वर काढला, हुंगला, तोंड वाकडं केलं आणि पुन्हा बुडवला.